मेकॅनिक नव्हे, वैमानिक

२६ ऑगस्ट १९८२ या दिवशी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले आणि गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगेच्या पलीकडचा साग, बांबू, मोह आणि तेंदूच्या झाडांनी भरलेला मुलूख या नव्या जिल्ह्यात गेला. त्या वेळी महाराष्ट्राचे राज्यपाल होते इद्रिस हसन लतीफ. राज्यपाल म्हणून त्यांचे नाव मोठ्या माणसांना आठवत असेल. पण त्यांची आधीची ओळख वेगळी होती. ते लढाऊ विमानाचे वैमानिक होते आणि १९७८ ते १९८१ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते.

लतीफ यांचा जन्म १९२३ साली हैदराबादला झाला. घरची बोली उर्दू. शिक्षण तिथल्याच निजाम कॉलेजात. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, ते हवाई दलात दाखल झाले. तेव्हा त्यांना एकोणिसावे वर्ष लागले होते. आज ज्या वयात मुले बारावी संपवून पुढे काय करावे याचा विचार करतात, ते हे वय! त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. त्या युद्धात भारतातून पंचवीस लाखांच्या आसपास माणसे फौजेत गेली, ती सारी स्वयंसेवक होती. इंग्लंडमध्ये सक्तीची भरती होती, भारतात नव्हती.

काही काळाने लतीफ यांना ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पाठवण्यात आले. तिथे ते 'हरिकेन' जातीचे विमान चालवत. ब्रह्मदेशाची जंगले आपल्या आलापल्ली-सिरोंच्याच्या जंगलांसारखीच, सागाची आणि बांबूची. पावसाळ्यात आलापल्लीच्या जंगलात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मग आकाशातून खाली पाहणाऱ्याला झाडांखाली लपलेली फौज कशी दिसणार? त्यासाठी विमान फार खाली आणावे लागे. विमान खाली आले की खालून गोळ्या येत. असे ते काम होते.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या वर्षी लतीफ हवाई दलात गेले, त्याच वर्षी, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर गावाने इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण शहीद झाला. लोकांनीही सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारले. पुढे गावात फौज आली, धरपकड झाली, अनेकांना कठोर शिक्षा झाल्या. म्हणजे एक तरुण इंग्रज सरकारच्या गोळीने मरत होता आणि दुसरा तरुण त्याच सरकारच्या हवाई दलाचा गणवेश घालत होता. मग यांतला खरा देशभक्त कोणता? प्रश्न सोपा वाटतो, पण तो तसा नाही. चिमूरच्या तरुणांना स्वातंत्र्य त्याच क्षणी हवे होते. हवाई दलात गेलेल्या तरुणांपुढे जपानी फौज आसामच्या दाराशी येऊन उभी होती. आणि उद्या देश स्वतंत्र होईल, तेव्हा त्याची विमाने कोण चालवणार, हाही प्रश्न होताच. १९४७ साली फाळणी झाली. हवाई दलाची माणसे आणि विमाने दोन देशांत वाटली गेली. लतीफ यांचे काही जवळचे सोबती पाकिस्तानात गेले. लतीफ यांनी भारतात राहायचे ठरवले.

१९७८ साली ज्यांच्याकडून लतीफ यांनी हवाई दलाची सूत्रे घेतली, ते होते हृषीकेश मूळगावकर. मूळगावकर मुंबईचे. जन्म १९२० चा. तेही १९४० साली, विशीत असताना, हवाई दलात गेले होते. तेही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. पुढे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना महावीरचक्र मिळाले. एक मराठी, एक उर्दू भाषक. दोघेही युद्धाच्या दिवसांत वैमानिक झाले आणि एकापाठोपाठ एक हवाई दलाच्या सर्वोच्च पदावर बसले.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. त्यामुळे मूळगावकर आणि लतीफ यांच्यासमोर निदान एक दार होते. दार ठोठावले तर ते उघडत होते. पण त्याच्याही आधी, म्हणजे १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धाच्या काळात, एखाद्या भारतीय मुलाला विमान चालवावेसे वाटले तर? तेव्हा भारतीय हवाई दल नव्हते. विमानांचा शोध लागूनही जेमतेम दहा-बारा वर्षे झाली होती. अशा काळात मुंबईचा एक मुलगा वैमानिक झाला. त्याचे नाव श्रीकृष्ण वेलिंगकर. ही गोष्ट मुख्यतः त्याची आहे.

श्रीकृष्ण मूळचा मुंबईचा. उच्च शिक्षणासाठी तो इंग्लंडला गेला आणि केंब्रिज विद्यापीठातील जीझस कॉलेजात दाखल झाला. विलायतेला शिकायला जाणे म्हणजे त्या काळी बोटीने अनेक दिवसांचा प्रवास. १९१४ साली युद्ध सुरू झाले. इंग्लंडमधील महाविद्यालये हळूहळू ओस पडू लागली. वर्गातले मित्र एकामागून एक फौजेत गेले. काही दिवसांनी त्यांच्यापैकी काहींच्या मृत्यूच्या बातम्या येऊ लागल्या. भारतातून आलेले विद्यार्थी हे सारे पाहत होते.

श्रीकृष्णाने विमान चालवायला शिकायचे ठरवले. तो एका खासगी शाळेत विमान चालवायला शिकला. आजच्या मोटार चालवण्याच्या शाळेसारखी ही गोष्ट समजू नका. त्या काळी विमान शिकताना पडून मरणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. युद्धावर जाण्याआधीच अनेक मुले प्राणास मुकत. श्रीकृष्ण मात्र शिकला आणि त्याने 'रॉयल फ्लाइंग कोअर' या इंग्रजांच्या विमानदलात वैमानिक म्हणून घ्यावे असा अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. त्याला सांगण्यात आले की वैमानिक नाही, हवे तर मेकॅनिक म्हणून ये.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. वैमानिक हे बहुतेक करून अधिकारी असत. आणि अधिकाऱ्याच्या हुकमाखाली गोरे शिपाई असत. भारतीय माणसाने गोऱ्या शिपायाला हुकूम द्यावा, ही कल्पनाच तेव्हाच्या इंग्रज सरकारला सहन होत नव्हती. भारतीय फौजेत वीस-पंचवीस वर्षे चाकरी केलेला पराक्रमी शिपाई फार तर सुभेदार-मेजर होई. त्याच्यावर विलायतेतून नुकताच आलेला, ओठांवर मिसरूडही न फुटलेला गोरा अधिकारी असे आणि सुभेदार-मेजराने त्याला सलाम ठोकायचा. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले. फ्रान्सच्या चिखलात, इराकच्या वाळवंटात ते लढले. पण अधिकारपदाचे दार त्यांना बंद होते. ते जरासे किलकिले झाले १९१७ साली, तेही मोजक्या लोकांसाठी.

मेकॅनिकचे काम हलके असते असे येथे म्हणायचे नाही. मेकॅनिकचा हात चुकला तर वैमानिक जिवंत परत येत नाही. पण श्रीकृष्णाला विमान चालवता येत होते, आणि ते येत असूनही केवळ रंगामुळे त्याला खाली उभे राहायला सांगितले जात होते. तो मागे हटला नाही. कर्नल बार्टन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याच्यासाठी शिफारस केली. अखेर १९१७ साली श्रीकृष्णाला अधिकारपद मिळाले. अर्ज, नामंजूर, शिफारस, हुकूम हे सारे शब्द तुमच्या घरातले आहेत. कचेरीतली भाषा बदलली तरी हे शब्द मराठीतून गेले नाहीत, आणि कचेरीत माणसाला वाट पाहायला लावण्याची रीतही गेली नाही!

श्रीकृष्ण एकटा नव्हता. त्याच सुमारास आणखी तीन भारतीय तरुणांनी हे दार ठोठावले होते. रावळपिंडीचा हरदितसिंग मलिक ऑक्सफर्डला शिकत होता. इंग्रज घेत नाहीत म्हटल्यावर तो फ्रान्सला गेला आणि फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागला. पुढे फ्रेंचांच्या विमानदलात जाण्याची त्याची तयारी झाली. तेव्हा त्याच्या इंग्रज प्राध्यापकाने विमानदलाच्या सेनापतीला पत्र लिहिले. फ्रेंच ज्याला घ्यायला तयार आहेत, त्याला आपण का नाकारतो, असा त्याचा सवाल होता. त्यानंतर मलिकला प्रवेश मिळाला. तो पगडीवर बसेल अशी मोठी टोपी खास शिवून घेऊन विमान चालवत असे.

कोलकात्याचा इंद्रलाल रॉय लंडनमधील शाळेत शिकत होता. डोळे अधू आहेत म्हणून डॉक्टरने त्याला नापास केले. त्याने आपली मोटारसायकल विकली, त्या पैशांत नामवंत नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि तो पास झाला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. चौथा एरॉल सेन, तोही बंगाली.

आता त्यांची विमाने कशी होती ते पाहू. आज चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवर एखादे छोटे विमान उतरते, तेव्हा त्याचा पत्रा उन्हात चमकतो. १९१७ च्या विमानाला पत्रा जवळजवळ नसेच. त्याचा सांगाडा लाकडाचा असे. आपले बल्लारपूरचे सागवान त्यासाठी उपयोगाचे नव्हते. सागवान टिकाऊ खरे, पण जड. विमानाला सूचिपर्णी झाडाचे हलके, सरळ धाग्याचे लाकूड लागे. त्या सांगाड्यावर कापड ताणून बसवत. हे कापड जवसाच्या खोडातील धाग्यापासून विणलेले असे. होय, जवसच! विदर्भात आपण ज्याची चटणी खातो, त्याच जातीचे हे रोप. युरोपात ते धाग्यासाठी लावतात, आपल्याकडे तेलासाठी. कापडावर एक प्रकारचे रोगण चढवले की ते ढोलकीच्या चामड्यासारखे ताठ होई. हे रोगण चटकन पेट घेई. विमानाला आग लागली तर काही क्षणांत सारा खेळ आटोपत असे.

मलिक आणि सेन 'कॅमल' नावाचे विमान चालवत. त्याचे इंजिन स्वतःभोवती गरगर फिरे आणि त्याला वंगण म्हणून एरंडेल तेल लागे. शेताच्या बांधावर जो एरंड उगवतो, त्याचेच तेल. इंजिनातून उडणारे हे तेल वैमानिकाच्या तोंडावर येई, नाकातोंडात जाई. एरंडेल पोटात गेल्यावर काय होते, हे तुम्हांला आजीने सांगितले असेलच. शूर वैमानिकांच्या चरित्रांत ही गोष्ट सहसा लिहीत नाहीत.

श्रीकृष्णाची नेमणूक तेविसाव्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. स्क्वॉड्रन म्हणजे विमानांची तुकडी. तिच्याकडे १९१८ साली 'डॉल्फिन' ही नवी विमाने आली. डॉल्फिनला एकावर एक असे दोन पंख होते. वैमानिकाची जागा अशी की त्याचे डोके वरच्या पंखातील मोकळ्या चौकटीतून बाहेर निघे. त्यामुळे त्याला वर आणि आजूबाजूला छान दिसे. पण उतरताना विमान उलटले तर सगळ्यांत आधी जमिनीला टेकणार ते त्याचे डोके. म्हणून सुरुवातीला वैमानिक या विमानाला बिचकत.

डॉल्फिन ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडे. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर त्याने अर्ध्या तासाच्या आत कापले असते. ते उंचही फार जाई, सुमारे सहा किलोमीटरपर्यंत. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. साडेतीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी इतकी उंची भरत नाही. तिथे हवा विरळ, श्वास अपुरा आणि थंडी अशी की जून महिन्यातही हातापायांची बोटे बधिर व्हावीत. वैमानिक उघड्या जागेत बसलेला. अंगावर चामड्याचा कोट, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. बंदुका भरायच्या, अडकल्या तर सोडवायच्या, विमान चालवायचे आणि सतत मान फिरवून सूर्याच्या दिशेला पाहत राहायचे. कारण शत्रूचे विमान सूर्याच्या आडून येई. आणि एवढे असून इंग्रज वैमानिकांना पॅराशूट दिलेले नव्हते. जर्मन वैमानिकांना ते १९१८ मध्ये मिळू लागले होते. श्रीकृष्णाच्या विमानाचे काही बिघडले तर खाली उतरण्याचा एकच मार्ग होता, त्या विमानासकट.

२७ जून १९१८. श्रीकृष्ण आपल्या डॉल्फिनमधून उत्तर फ्रान्समधील आघाडीवर गस्तीला गेला. गस्तीवरून तो परत आला नाही.

त्याची नोंद 'बेपत्ता' अशी झाली. मुंबईला घरी तसेच कळवण्यात आले. 'ठार झाला' या शब्दांत निदान शेवट असतो. 'बेपत्ता' या शब्दात काहीच नसते. कैद झाला असेल, जखमी होऊन एखाद्या इस्पितळात पडला असेल, असे वाटत राहते. आणि तसे वाटण्यास कारणही होते. एरॉल सेन १९१७ च्या सप्टेंबरमध्ये असाच गस्तीवरून परतला नव्हता. तो जर्मनांच्या कैदेत होता आणि युद्ध संपल्यावर सुखरूप सुटला. हरदितसिंग मलिकच्या पायात गोळी घुसली होती, त्याच्या विमानाची शेकडो गोळ्यांनी चाळण झाली होती, तरी तो वाचला. मग श्रीकृष्णही का वाचला नसेल?

श्रीकृष्ण बेपत्ता झाला त्या वेळी इंद्रलाल रॉय त्याच आघाडीवर होता. पुढच्या महिन्यात, ६ ते १९ जुलै १९१८ या अवघ्या चौदा दिवसांत, त्याने शत्रूच्या दहा विमानांवर विजय मिळवला. २२ जुलैला त्याचेही विमान जळत खाली कोसळले. तो एकोणीस वर्षांचा होता. दहा विमाने पाडणारा म्हणून इंद्रलालचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत राहिले. त्याच्या जन्मशताब्दीला, १९९८ साली, भारताच्या टपाल खात्याने त्याच्या नावाचे तिकीटही काढले. श्रीकृष्णाच्या नावावर असा हिशेब नाही. त्यामुळे महाराष्ट्रातही फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक आहे. हिशेबावरून माणूस मोजण्याची ही पद्धत या लेखकाला फारशी पटत नाही.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. कैदी घरी परतू लागले. श्रीकृष्ण परतला नाही. मुंबईत त्याची आई होती. तिने चौकशी सोडली नाही. मुलगा नसेल तर त्याची कबर तरी कुठे आहे ते कळावे, एवढेच तिचे मागणे होते. त्या काळातील मुंबईच्या एका स्त्रीने सात समुद्रांपलीकडच्या लष्करी कचेऱ्यांकडे वारंवार विचारणा करणे ही लहान गोष्ट नव्हती. फ्रान्समध्ये तेव्हा लाखो कबरी होत्या. कित्येकांवर नाव नव्हते. कित्येकांवर नुसता लाकडी क्रूस होता. तोफांच्या माऱ्यात काही कबरी पुन्हा उखडल्या गेल्या होत्या. ज्या कर्नल बार्टनने श्रीकृष्णासाठी पूर्वी शिफारस केली होती, त्यानेही या शोधात मदत केली.

१९२१ साली शोध लागला. जर्मनांनी आपल्या हद्दीत पुरलेल्या एका वैमानिकाच्या कबरीवर 'वुमकर' असे नाव होते. असे नाव ना इंग्रजांत असते ना जर्मनांत. इंग्रजी लिपीत घाईने लिहिलेले 'वेलिंगकर' वाचताना मधली अक्षरे एकमेकांत मिसळली होती आणि त्यातून हे विचित्र नाव तयार झाले होते. ती कबर श्रीकृष्णाचीच होती. तो २७ जूनला जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला होता आणि तीन दिवसांनी, ३० जून १९१८ रोजी, त्याचा मृत्यू झाला होता. शत्रूने त्याला पुरले होते आणि जमेल तसे त्याचे नावही लिहून ठेवले होते. ते चुकीचे नाव लिहिले नसते, तर शोधाला धागाच मिळाला नसता.

म्हणजे श्रीकृष्णाच्या शेवटच्या तीन दिवसांत त्याच्याजवळ ओळखीचे कोणीही नव्हते. आसपास सारी जर्मन बोलणारी माणसे. त्याला मराठी येत होती, इंग्रजी येत होती. त्याने आपले नाव त्यांना सांगितले असेल, की कागदांवरून त्यांनी ते वाचले असेल? त्याचे उत्तर आता कोणाजवळ नाही.

पुढे श्रीकृष्णाची कबर आमिअँ शहराजवळच्या हँगार गावातील युद्ध-दफनभूमीत बांधण्यात आली. ती आजही तेथे आहे. इंग्रज सरकारने सगळ्या सैनिकांच्या कबरींवर एकाच मापाचे पांढरे दगड बसवले. अधिकारी असो की शिपाई, दगड सारखाच. जे जिवंतपणी जमले नाही ते मेल्यावर जमले, असे म्हणायला हवे. दगडाच्या तळाशी घरच्यांना एखादे वाक्य कोरून घेता येई. इंद्रलालच्या घरच्यांनी आपल्या भाषेत, बंगालीत, वाक्य कोरून घेतले. वीराच्या समाधीचा मान राखा, तिला स्पर्श करू नका, असा त्याचा आशय आहे. श्रीकृष्णाच्या दगडावरचे वाक्य इंग्रजीत आहे. साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एकाच्या सन्माननीय स्मृतीस, असे त्यात म्हटले आहे.

ज्या साम्राज्याने त्याला मेकॅनिक हो म्हणून सांगितले होते, त्याच साम्राज्याचे हे नाव. आईच्या मनात ते वाक्य निवडताना अभिमान होता, की सरकारला त्याचेच शब्द परत ऐकवायचे होते? दोन्हीही असू शकेल.

मलिक युद्धातून जिवंत परतला. स्वातंत्र्यानंतर तो फ्रान्समध्ये भारताचा राजदूत झाला. पुढे, १९८५ साली, महाराष्ट्राचे राज्यपालपद सोडल्यावर इद्रिस हसन लतीफ हेही राजदूत म्हणून फ्रान्सलाच गेले. पॅरिसहून हँगार गाव फार लांब नाही. 

शब्दार्थ

विभाजन – वाटणी, तुकडे होणे
आघाडी – जेथे प्रत्यक्ष लढाई चालते ती जागा
गस्त – पहाऱ्यासाठी घातलेली फेरी
वंगण – यंत्राचे भाग घासू नयेत म्हणून लावलेले तेल
रोगण – कापडाला किंवा लाकडाला लावायचा चकचकीत लेप
बिचकणे – घाबरून मागे सरणे
प्राणास मुकणे – मरण पावणे
मिसरूड – ओठांवर नुकतीच फुटलेली मिशी

स्वाध्याय

१. श्रीकृष्णाला विमान चालवता येत असूनही त्याचा अर्ज नामंजूर का झाला?
२. डॉल्फिन विमानातील वैमानिकाची जागा सोयीची का होती आणि धोक्याची का होती?
३. 'ठार' आणि 'बेपत्ता' या दोन शब्दांतील फरक पाठाच्या आधारे चार-पाच ओळींत लिहा.
४. 'वुमकर' हे नाव कसे तयार झाले? त्याचा शोधाला काय उपयोग झाला?
५. १९४२ साली चिमूरला काय घडले, ते घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि त्यांनी सांगितले तसे मराठीत लिहून आणा.
६. अर्ज, शिफारस, हुकूम हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. पाठातून आणि बाहेरून असे आणखी दहा शब्द शोधा. एखाद्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत निराळा असेल, तर तोही लिहा.